वश्या, निळाईने फसवलं

वेदर्सफील्ड, कनेक्टिकट
रविवार, दुपार

प्रिय वश्या,

परवा फोनवर तू म्हणालास, "दिन्या, सत्तरी आली आणि पिस्तुलं कसली जमवतोस?" तेवढ्यात लाइन गेली. मी मुद्दामच परत फोन लावला नाही. सगळी हयात खडकीच्या फॅक्टरीत इन्स्पेक्शनला काढलेल्या माणसाला ही गोष्ट घाईत सांगून भागायचं नाही. शिवाय तिच्यात माझी फजिती आहे, आणि ती लिहून कळवली की तुझं हसू ऐकावं लागत नाही.

आधी तुझी काळजी मिटवतो. मी गोळी झाडत नाही. पन्नास वर्षांपेक्षा जुन्या शस्त्रांच्या संग्राहकांसाठी इथे वेगळं केंद्रीय लायसन्स असतं, ते आहे. राज्याचा परवाना निराळा, तोही आहे. आलेल्या प्रत्येक नगाची नोंद वहीत करावी लागते. तुला ती वही आवडेल.

वेड लागलं ते रस्त्यामुळे. हार्टफर्डमधून जाताना हायवेवरून पिस्तुलं बनवणाऱ्या कोल्ट कंपनीच्या जुन्या कारखान्याचा घुमट दिसतो. कांद्याच्या आकाराचा, निळा, अंगावर सोनेरी चांदण्या आणि टोकावर उधळलेलं शिंगरू. तीस वर्षं मी त्याच्याखालून कामाला गेलो. निवृत्त झाल्यावर पहिल्यांदा विचारावंसं वाटलं, की यांचं पिस्तूल सैन्याने घेतलं, तर मग कुणाचं नाकारलं?

फिलिपिन्समध्ये मोरो लोकांशी लढताना अमेरिकन सैन्याला कळलं की आपल्या .38 रिव्हॉल्व्हरची (हा आकडा गोळीच्या जाडीचा, इंचात) गोळी लागूनही माणूस थांबत नाही. मग 1904 मध्ये सैन्याधिकारी थॉम्पसन आणि डॉक्टर लागार्द या दोघांनी शिकागोच्या कत्तलखान्याच्या आवारात जिवंत गुरांवर गोळ्या झाडून पाहिल्या, प्रेतांवरही झाडल्या. पोळ्याला बैलाला ओवाळणाऱ्या घरात वाढलेल्या मला तो भाग धड वाचवला नाही. निष्कर्ष निघाला की .45 च्या खाली जायचं नाही.

पुढे 1907 मध्ये स्प्रिंगफील्ड आर्मरीत चाचण्या झाल्या. कोल्ट होतं, सॅव्हेज या दुसऱ्या कंपनीचं होतं, आणि जर्मनीहून खुद्द गेऑर्ग लुगर .45 मध्ये बसवलेलं आपलं पिस्तूल घेऊन आला होता. धुळीची चाचणी, गंजाची चाचणी, सगळं तुझ्या खात्यासारखं. पुढच्या फेरीला कोल्ट आणि सॅव्हेजची प्रत्येकी दोनशे पिस्तुलं मागवायचं ठरलं. सॅव्हेजवाले आधी नाही म्हणाले. मग लुगरच्या कंपनीला विचारलं, तिने हो म्हणून अंग काढून घेतलं. तेव्हा कुठे सॅव्हेज तयार झाली. लग्नाच्या बोलण्यांत असतं ना, तसंच. त्या .45 लुगरांपैकी दोन नंबरचं आजही आहे. एकदा दहा लाख डॉलरला गेलं म्हणून त्याला 'मिलियन डॉलर लुगर' म्हणतात, आणि 2010 च्या लिलावात तेच पाच लाखांच्या आत सुटलं. म्हणजे या धंद्यातही पडझड आहे.

मला धरलं ते सॅव्हेजने. एल्बर्ट सर्ल नावाच्या माणसाची रचना, कारखाना न्यूयॉर्क राज्यातल्या युटिकाचा. गोळी सुटताना नळी जराशी फिरते आणि मग मागचा भाग उघडतो. सर्लचं म्हणणं असं, की गोळी नळीच्या आतल्या आट्यांमधून पिळवटत जाताना नळीला उलट्या बाजूला रेटते आणि तोवर मागचा भाग बंद ठेवणारं कुलूप टिकून राहतं. जाणकार म्हणतात, ते टिकणं जेमतेमच. म्हणूनच ते हाताला सणसणीत झटका द्यायचं. पण वश्या, उघडल्यावर आत पाहशील तर स्क्रू जवळजवळ नाहीतच. ज्याने हे जुळवलं त्याच्या डोक्याला सलाम करावासा वाटतो.

शेवटचा सामना मार्च 1911 मध्ये झाला. सहा हजार गोळ्या. शंभर झाडायच्या, थंड होऊ द्यायचं, हजार झाल्या की साफ करून तेल. ब्राउनिंगने घडवलेलं कोल्ट एकदाही अडलं नाही. सॅव्हेज अनेकदा अडलं. 29 मार्चला कोल्ट स्वीकारलं गेलं आणि पुढची सत्तरेक वर्षं तेच सैन्यात राहिलं. सॅव्हेजचं खिशातलं छोटं पिस्तूल मात्र बाजारात चांगलं खपलं, अगदीच दिवाळं निघालं नाही.

आता फजिती. घोडदळाकडे वापरून झालेली ती चाचणीची सॅव्हेज सैन्याने नंतर विकून टाकली. त्यातली बरीचशी कंपनीनेच परत घेतली, घासूनपुसून नव्याने निळी केली (पोलाद गंजू नये म्हणून त्यावर चढवतात तो निळसर थर) आणि गिऱ्हाइकांना विकली. हे मी वाचलेलं होतं! तरीही चार वर्षांपूर्वी एका विक्रेत्याच्या टेबलावर एक दिसलं आणि माझं भान सुटलं. काय तो रंग! दिवाळीत आई घासायची तसल्या तांब्यासारखं लखलखीत. शंभर वर्षांपूर्वीचं आणि एकही ओरखडा नाही. विक्रेता म्हणाला, कुणीतरी पेटीत जपून ठेवलं असणार. मीही मान डोलावली. आपल्याला हवं तेच ऐकू येतं.

घरी आणून भिंगाखाली धरलं तेव्हा दिसलं. नंबराचे आकडे उथळ. अक्षरांच्या कडा बोथट. पिनांच्या भोकांच्या काठांना पॉलिशच्या चाकाने खळगे पाडलेले. एका रविवारी मी तीन तास त्याच्यासमोर बसलो होतो आणि मला तुझा तो शेरा आठवत होता, "चकाकतंय म्हणजे कुणीतरी काहीतरी लपवतंय, परत पाठव." पैसे परत मिळाले नाहीत, मी मागितलेही नाहीत. विक्रेता खोटं बोलला असं छातीठोकपणे म्हणता येत नाही. चूक माझ्या डोळ्यांची होती.

या छंदात उलटं शहाणपण लागतं. कोल्टच्या 1907 च्या चाचणी-पिस्तुलावर 'के. एम.' ही तपासनिसाची अक्षरं खोल असली, कडा टोकदार असल्या, तर वरचा रंग उडालेला असला तरी लोक रांग लावतात. 1901 मध्ये सैन्याने वापरून बघायला घेतलेल्या हजार लुगरांवर गरुडाचा छाप आहे, पण तोच गरुड बाजारात विकलेल्या लुगरांवरही आहे. खरं ओळखायचं ते नंबरावरून, साधारण सहा हजार शंभर ते सात हजार शंभरच्या पट्ट्यात. गरुड बघून पैसे देणारे पुष्कळ भेटले. माझ्यासारखेच.

ते सॅव्हेज मी विकलं नाही. घासलेलं का होईना, पण कंपनीनेच घासलेलं आहे. सैन्याने टाकलेलं, पुन्हा सजवून बाजारात उभं केलेलं. तेही त्याच्या चरित्रातलंच पान, असं मी स्वतःला पटवलं आहे. सुमन म्हणते, पटवायला तुला फार वेळ लागत नाही.

डिसेंबरात लेकाकडे बोस्टनला येशील तेव्हा दोन दिवस माझ्याकडे काढ. स्प्रिंगफील्ड आर्मरी 1968 ला बंद झाली, तिथे आता संग्रहालय आहे, माझ्या घरापासून पाऊण तासावर. तिकीट नाही. बर्फ असलं तरी जाऊ, मी गाडी हळू चालवतो.

वहिनींना नमस्कार, पोरांना आशीर्वाद.

तुझाच,
दिन्या

ता. क. येताना तुझं ते इन्स्पेक्शनचं जुनं भिंग आण. एका गृहस्थाकडे 'के. एम.' असलेलं कोल्ट आहे म्हणतात. रंग अजिबात राहिलेला नाही, असं ऐकतो. सुमनसमोर यातलं काही बोलू नकोस.