होड्या नव्हेत, धोटे

प्रिय मित्रा,

सप्रेम नमस्कार.

परवा रात्री फोनवर तू विचारलंस, "जाऊन आलास का? कसं वाटलं?" मी "हो, आलो जाऊन" म्हणालो आणि तुझ्या गुडघ्याचा विषय काढला. तुझ्या ते लक्षात आलंच असणार. पण तेव्हा बोललो असतो तर आपलं भांडण झालं असतं आणि मला जे म्हणायचंय ते राहूनच गेलं असतं. म्हणून आज सकाळीच कागद घेऊन बसलोय.

तू सुचवलेलं ते कलाप्रदर्शन मला आवडलं नाही. त्रास झाला म्हण. दोन रात्री डोळा लागला नाही.

"तुला मॉडर्न आर्ट कळत नाही" हे तुझं ठरलेलं वाक्य मात्र या वेळी नको. साताऱ्याकडच्या औंधला तूच मला नेलं होतंस, यमाईच्या डोंगरावरच्या त्या संग्रहालयात. रविवर्म्याच्या चित्रांसमोर सगळी गर्दी होती आणि मी त्या हेन्री मूरच्या आई-मुलाच्या दगडी शिल्पापाशी किती वेळ उभा होतो हे तुला ठाऊक आहे. नाक-डोळे धड नाहीत, पण ती आई त्या पोराला कशी धरून आहे ते माझ्या खांद्यांना कळलं होतं. २०१९ साली काळा घोड्याला, राष्ट्रीय आधुनिक कला संग्रहालयात, चित्रकार बरव्यांचं मोठं प्रदर्शन लागलं तेव्हा मी दोनदा गेलो. प्रभाकर बरवे विणकर सेवा केंद्रात नोकरी करायचे, आधी बनारसला आणि मग मुंबईत, हे तूच सांगितलं होतंस. दरवाज्याला लावतात तसल्या इनॅमल रंगात रंगवलेलं एखादं पान, एखादी किल्ली, आणि भोवती एवढी मोठी रिकामी जागा. ते मला भिडलं. गायतोंड्यांच्या चित्रात तर ओळखीची वस्तूच नसते, तरी त्यांच्यासमोर गप्प बसावंसं वाटतं. तेव्हा माझं दुखणं वेगळं आहे.

तुझ्या सांगण्यावरून शनिवारी भाचीला घेऊन गेलो. एका कापडगिरणीच्याच जुन्या आवारात ती गॅलरी आहे. चिमणी अजून उभी आहे, बाकी सगळं काचेचं. आत पांढऱ्या भिंती, गारठवणारा एसी आणि कुजबुजत फिरणारी माणसं. पहिल्या दोन दालनांबद्दल लिहिण्यासारखं काही नाही. तिसऱ्या दालनात शिरलो आणि पाय जागीच थांबले.

छतापासून छातीच्या उंचीपर्यंत नायलॉनच्या दोऱ्यांनी टांगलेले धोटे. दीडशे-दोनशे तरी असतील. आपल्या गिरण्यांतले, साचेखात्यातले, म्हणजे मागांवर आडवा दोरा घेऊन इकडून तिकडे धावणारे लाकडी धोटे.

तुला अण्णांचा धोटा आठवत असेल. टोक सैल झालं म्हणून खात्यात टाकून दिलेला, तो अण्णांनी पंच्यात गुंडाळून घरी आणला होता. चाळीच्या गॅलरीत आपण दोघं तो या टोकापासून त्या टोकाला सरकवायचो आणि शेजारची म्हातारी ओरडायची. आपल्याला ते खेळणं होतं. अण्णांचं काम काय होतं ते मला फार उशिरा समजलं. दोन साचे, म्हणजे माग, सांभाळायचे. धोटा मिनिटाला दीडशेच्या वर खेपा मारतो, त्याच्या पोटातली सुताची कांडी बघता बघता संपते. नवी कांडी बसवली की दोऱ्याचं टोक धोट्याच्या बाजूच्या भोकातून बाहेर काढायचं. ते कसं काढायचे? भोकाला तोंड लावून ओढायचे. दिवसभर, दर थोड्या वेळाने, त्याच लाकडाला ओठ. पाळी बदलली की दुसऱ्याचे ओठ. दोऱ्याबरोबर कापसाची धूळ आणि खळ पोटात, छातीत. सूत तुटू नये म्हणून खात्यात हवा मुद्दाम दमट ठेवायची, खिडक्या बंद. आवाज एवढा की माणसं हातवाऱ्यांनी आणि ओठांच्या हालचालीवरून बोलायची. अण्णा घरीसुद्धा आपल्या तोंडाकडे बघून ऐकायचे, आठवतं? तू पुटपुटायचास म्हणून तुझं त्यांना कधी कळायचं नाही.

तर त्या टांगलेल्या धोट्यांतला एक माझ्या अगदी डोळ्यांसमोर होता. बाकी लाकूड फिकं पडलेलं, कोरडं, एका बाजूने तडकलेलं. पण भोकाच्या भोवती बोटभर जागा काळसर, गुळगुळीत, किंचित खोलगट. मी चष्मा पुसून पुन्हा पाहिलं. शेजारच्या धोट्यावर तेच. त्याच्या पलीकडच्यावर तेच. ती झीज कशाची हे त्या दालनात मला एकट्याला माहीत होतं, आणि मला ते सहन होईना.

भिंतीवर एक मोठा मजकूर होता, इंग्रजीत. भाचीने वाचून दाखवला. त्यात अनुपस्थिती होती, स्मृती होती, शहराच्या शरीरावरची जखम होती, श्रमाचं भूत होतं. "धोटा" हा शब्द नव्हता. साचा नाही, कांडी नाही, संप नाही. १८ जानेवारी १९८२ ही तारीख नाही. अडीच लाखांच्या आसपास गिरणी कामगार त्या दिवशी संपावर गेले आणि त्यांतले कितीतरी परत आत गेले नाहीत, आणि तो मजकूर "श्रमाचं भूत" म्हणून मोकळा झाला. खाली छोट्या पाटीवर कलावंताचं नाव, साल, आणि साहित्य म्हणून "लाकूड, धातू, नायलॉन". लाकूड! अरे, त्या पाटीवर नायलॉनला जेवढा मान आहे तेवढाच त्या धोट्याला.

मी नकळत हात पुढे केला असणार. सिक्युरिटीचा मुलगा आला, "काका, हात नका लावू." आवाज मऊ होता. पंचविशीचा असेल. मी हात मागे घेतला. त्याने इकडेतिकडे बघितलं आणि हळूच विचारलं, "तुम्हाला माहितीय का हे काय आहे? मी महिनाभर इथे उभा आहे. मला वाटतं होड्या आहेत."

मित्रा, तिथे माझा घसा दाटून आला.

मी त्याला सांगितलं. हवेत हात करून दाखवलं: ताणा असा, बाणा असा, धोटा इथून सुटतो आणि तिथे जाऊन आदळतो, कधी उडाला तर समोरच्याचा डोळा घेऊन जातो. भोक कशाचं ते सांगितलं. तो वाकून बघायला लागला, त्या काळ्या डागाकडे. मग म्हणाला, "माझे आजोबा पण गिरणीत होते, पण घरात कोणी बोलत नाही त्याबद्दल." तेवढ्यात चार जणांचा घोळका फोटो काढायला आला आणि तो आपल्या जागेवर जाऊन उभा राहिला.

आता तुझं म्हणणं मला ऐकू येतंय. तू म्हणशील, धोटे रिकामे आहेत, त्यांत कांडी नाही, दोरा नाही, हाच तर त्या कलाकृतीचा आशय. आणि तू तो फ्रेंच कलावंत द्युशाँ काढशील. १९१७ साली न्यूयॉर्कच्या प्रदर्शनाला त्याने मुतारीचं भांडं पाठवलं, आयोजकांनी ते मांडायचं नाकारलं आणि पुढच्या शंभर वर्षांची कला त्यातून निघाली, हे तू मला निदान दहा वेळा ऐकवलंयस. मी ते मानतोही. पण नीट बघ. द्युशाँने भांडं दुकानातून आणलं होतं, नवं कोरं. त्यावर कोणाचं आयुष्य झिजलेलं नव्हतं. म्हणून त्याला ते आडवं ठेवता आलं, त्यावर खोटं नाव टाकता आलं, कोणाचं काही हिरावलं गेलं नाही. या धोट्यांवर आधीच सह्या आहेत. ओठांनी केलेल्या. त्यावर दुसऱ्याने आपलं नाव घालायचं तर आधीच्यांना निदान विचारायचं, निदान त्यांचा उल्लेख करायचा. इथे त्या माणसांना "अनुपस्थिती" म्हटलंय. अनुपस्थित कोण? त्यांतली कितीतरी म्हातारी माणसं त्या गॅलरीपासून चालत दहा मिनिटांवर राहतात. एकालाही बोलावलं असतं तर त्याने सगळ्या मुंबईला धोटा समजावून सांगितला असता.

लहानपणी अण्णा आपल्याला राणीच्या बागेत न्यायचे आणि परतताना शेजारच्या म्युझियममध्ये, जे आता भाऊ दाजी लाड संग्रहालय. १८७२ सालचं ते. तिथल्या काचेच्या कपाटांत मातीच्या छोट्या बाहुल्या, एकेक धंदा करणाऱ्या. तू वेळ घालवून त्यांची चित्रं काढायचास. त्या कोणी थोर शिल्पं म्हणणार नाही. पण हात कुठे, अवजार कुठे, माणूस बसलाय कसा, हे त्यांत दिसतं. करणाऱ्याने आधी काम करणाऱ्याकडे बघितलं होतं. माझं मागणं त्याहून फार मोठं नाही.

एक गोष्ट मात्र खरी, ती लपवणार नाही. दिव्यांमुळे मागच्या भिंतीवर सावल्या पडल्या होत्या. एसीच्या झोतात धोटे किंचित डोलत होते आणि सावल्या एकमेकींतून आरपार जात होत्या. सुंदर होतं ते. क्षणभर अगदी साचा चालू असल्यासारखं वाटलं, बिनआवाजाचा. कदाचित म्हणूनच जास्त लागलं. एवढी नजर ज्याच्याकडे आहे त्याने अर्धा तास एखाद्या साचेवाल्याशेजारी बसून काढला असता तर काय झालं असतं! आवाज तरी ठेवायचा होता. साचेखात्याचा आवाज ज्याने ऐकला नाही त्याला धोटा कळणार नाही.

बाहेर पडताना भाचीने विचारलं, "मामा, आजोबा खोकायचे ते यामुळेच का?" तिला सगळं आजवर कोणी सांगितलंच नव्हतं. मी तरी कुठे सांगितलं होतं? १९९४ ला अण्णा गेले, तेव्हा ती जन्मलीही नव्हती. लोकल येईपर्यंत बाकावर बसून तिला सांगत होतो. दोन गाड्या सोडल्या.

आता एक काम. अण्णांचा धोटा अजून माझ्याकडे आहे, पोटमाळ्यावर ट्रंकेत. काल काढला, पुसला. भोकाभोवती तोच डाग आहे. मी आयुष्यभर तो धोटा बघत आलो आणि तो डाग परवा त्या गॅलरीत मला पहिल्यांदा दिसला, हेही तुला सांगायलाच हवं. तू अजून शनिवारी गावातल्या मुलांचा चित्रकलेचा वर्ग घेतोस ना? पुढच्या आठवड्यात भाची साताऱ्याला येतेय, तिच्याबरोबर धोटा पाठवतो. टेबलावर मधोमध ठेवून लांबून काढायला लावू नकोस. प्रत्येकाच्या हातात दे, वजन कळू दे, टोकाचं लोखंड बोटाला लागू दे. मग काढू देत, कसंही काढू देत.

एक कांडीही मिळालीय, तिच्यावर थोडं सूत शिल्लक आहे. दोरा भोकातून कसा काढायचा ते मुलं विचारतीलच. दाखव, पण तोंडाने नको. तारेची एक आकडी वळून पिशवीत ठेवलीय.

वहिनींना नमस्कार. गुडघ्याला तेल लाव.

तुझाच