हरकत घेण्याआधी शेवटचे प्रकरण वाचावे

महोदय,

आमच्या भागातील एक लहानसा वाचनगट उन्हाळ्याच्या सुट्टीत मुलांसाठी पुस्तकांची यादी करतो. यंदाच्या यादीत फिलिप पुलमन यांची 'नॉर्दर्न लाइट्स' ही कादंबरी होती आणि तिच्यावर काही पालकांनी हरकत घेतली. या मालिकेत देव मरतो, धर्माची टवाळी होते, मग ती मुलांच्या हाती कशाला द्यायची, असे त्यांचे म्हणणे होते. हरकत घेणाऱ्यांनी पुस्तक वाचलेले नव्हते आणि बाजूने बोलणाऱ्यांपैकी बहुतेकांनी फक्त चित्रपट पाहिला होता. विद्यार्थिदशेत माझी अत्यंत आवडती असलेली ही कादंबरी आणि तिचे पुढचे दोन्ही खंड मी त्या निमित्ताने पुन्हा वाचले. या वादात मूळ मुद्दाच बाजूला पडतो, असे वाटल्याने हे पत्र लिहीत आहे.

हा वाद जुना आहे. पहिला खंड १९९५ साली आला, त्याला इंग्लंडमधील बालसाहित्याचे कार्नेगी पदक मिळाले आणि २००० साली तिसऱ्या खंडाने मालिका पूर्ण झाली. २००७ साली चित्रपट आला तेव्हा अमेरिकेतील एका कॅथलिक संघटनेने त्यावर बहिष्काराची हाक दिली, तर कॅनडातील एका कॅथलिक शिक्षण मंडळाने पुस्तक शाळांच्या ग्रंथालयांतून काढले. याउलट, कँटरबरीचे तेव्हाचे आर्चबिशप रोवन विल्यम्स यांनी २००४ साली लंडनच्या नॅशनल थिएटरमध्ये लेखकाबरोबर जाहीर चर्चा केली आणि या पुस्तकांची गंभीरपणे दखल घेतली. ज्यांच्या धर्मसंस्थेवर लेखकाचा रोख आहे, त्यांच्यातलाच एक प्रमुख धर्मगुरू पुस्तक वाचून चर्चेला बसतो, हे आपल्याकडच्या आक्षेपकांनी लक्षात घ्यायला हवे.

कथेतील मूळ कल्पना मराठी मुलाला समजावून सांगावी लागत नाही. कथेची नायिका लायरा हिच्या जगात प्रत्येक माणसाचा आत्मा शरीराबाहेर, प्राण्याच्या रूपात, त्याच्यासोबत वावरतो आणि त्याला डीमन म्हणतात. सात समुद्रांपलीकडच्या पिंजऱ्यातील पोपटात ज्याचा प्राण आहे, त्या राक्षसाची गोष्ट ऐकत वाढलेल्या मुलाला हे लगेच उमगते. लहानपणी डीमन हवे ते रूप घेतो आणि वयात येताना एका रूपात स्थिरावतो. त्याच सुमारास माणसावर एक अदृश्य धूळ जमू लागते. ती धूळ म्हणजे पापाची खूण, असे त्या जगातील धर्मसत्तेचे मत आहे. म्हणून उत्तर ध्रुवाजवळच्या एका केंद्रात पळवून आणलेल्या मुलांना, पाप लागण्याआधीच, त्यांच्या डीमनपासून कापून वेगळे केले जाते. हे करणारी माणसे क्रूर चेहऱ्याची नाहीत. तिथे परिचारिका आहेत, डॉक्टर आहेत, स्वच्छ बिछाने आहेत, आणि सगळे मुलांच्या भल्यासाठीच चालले आहे, अशी अनेकांची समजूत आहे.

पहिल्या वाचनात या केंद्रामागची सूत्रधार, लायराची आई मिसेस कोल्टर ही मला सरळसरळ खलनायिका वाटली होती. आता घरात वयात येणारी मुलगी असताना वाचले तेव्हा या बाईची अधिक धास्ती वाटली. दुसऱ्यांच्या मुलांना डीमन तोडणाऱ्या यंत्राखाली ठेवायला तिची हरकत नसते, पण स्वतःची लेक तिथे दिसताच ती धावत जाऊन तिला सोडवते. लेखक यावर प्रवचन देत नाही, आणि त्याची गरजही नाही.

आता ज्या प्रकरणासाठी हे पत्र लिहिले त्याकडे वळतो. (शेवट सांगितल्याबद्दल नवे वाचक रागावतील, पण त्यावाचून माझे म्हणणे मांडता येणार नाही.) लॉर्ड अॅस्रिएल हा धर्मसत्तेविरुद्ध बंड पुकारणारा, बुद्धिमान, निर्भय माणूस आहे. पुस्तक केवळ धर्मद्वेष्टे असते तर हाच त्याचा नायक ठरला असता. पहिल्या खंडाच्या अखेरीस दुसऱ्या जगाची वाट उघडण्यासाठी त्याला प्रचंड ऊर्जा लागते आणि ती तो लायराच्या जिवलग मित्राला, रॉजर नावाच्या पोराला, त्याच्या डीमनपासून तोडून मिळवतो. रॉजर मरतो. धर्माच्या नावाने जे केंद्रात चालले होते, तेच हा बंडखोर स्वातंत्र्याच्या नावाने करतो, आणि लायराला दोन्ही बाजूंच्या थोरांपासून सावध राहावे लागते. या पुस्तकाला देवाधर्माविरुद्धचे पत्रक म्हणणाऱ्याने हे प्रकरण वाचलेले नसावे. चित्रपटवाल्यांनी तर चित्रित केलेला हा शेवट गाळून कथा त्याआधीच थांबवली. त्यामुळे केवळ चित्रपट पाहिलेल्यांना कथेचा सर्वांत कठीण प्रश्न भेटलाच नाही.

तिसऱ्या खंडाची मात्र मी इतकी पाठराखण करणार नाही. पहिल्या खंडातला तोल तिथे ढळतो. धर्मसंस्थेत एकही भला माणूस दिसत नाही, आणि न केलेल्या पापाचे प्रायश्चित्त आगाऊ घेऊन एका मुलीला मारायला निघालेला पाद्री भेटतो तेव्हा लेखकाचा राग कथेपेक्षा मोठा झालेला जाणवतो. 'देव मरतो' हा प्रसंग याच खंडात आहे. तिथला तो वृद्ध सृष्टीचा कर्ता नसून कर्तेपणाचा दावा करणारा पहिला देवदूत आहे. स्फटिकाच्या पालखीत कोंडलेल्या त्या जराजर्जर जिवाला मुले कणव येऊन बाहेर काढतात आणि तो वाऱ्यात विरून जातो. टवाळीचा स्वर तिथे मला आढळला नाही. गंमत म्हणजे, ज्या प्रसंगावर एवढी ओरड झाली तो अमेरिकी आवृत्तीत तसाच राहिला. कात्री लागली ती वयात येणाऱ्या लायराच्या शरीरातील बदलांचे वर्णन करणाऱ्या काही वाक्यांना.

धर्माधिकाऱ्यांवरील टीकेने मुलांची श्रद्धा ढळते, ही भीती निदान मराठी घरात तरी पटण्याजोगी नाही. आईवडिलांनी देहान्त प्रायश्चित्त घेतल्यावरही ज्या चार भावंडांना शुद्धिपत्रासाठी पैठणच्या धर्मसभेपुढे उभे राहावे लागले, त्यांची कथा आपण पाच-सहा वर्षांच्या मुलांना सांगतो. तुकोबांच्या वह्या इंद्रायणीत कुणामुळे गेल्या हेही लपवत नाही. या गोष्टी ऐकलेली आमच्या दांडिया बाजारातील मुले आषाढीला विठ्ठलाच्या देवळात जायची थांबलेली नाहीत.

याच वडोदरा शहरात सयाजीराव महाराजांनी १९०६ साली संपूर्ण संस्थानात प्राथमिक शिक्षण सक्तीचे केले, १९१० साली अमेरिकेहून ग्रंथपाल विल्यम बॉर्डन यांना बोलावून ग्रंथालयांची व्यवस्था उभारली आणि गावोगाव ग्रंथपेट्या फिरवल्या. त्या शहरात पुस्तक न उघडता ते यादीतून काढले जावे, हे मला बरे वाटत नाही.

गटाकडे मी लेखी सूचना दिली आहे. पहिला खंड बारा वर्षांपुढील मुलांच्या यादीत ठेवावा, आणि तो वाचून झाल्यावर एका संध्याकाळी मुले व पालक यांनी एकत्र बसून रॉजरच्या मृत्यूबद्दल बोलावे. तिसरा खंड पंधरा-सोळा वर्षांच्या मुलांसाठी असावा, आणि त्याचे कारण देवाचा मृत्यू हे नसून त्याचा पसारा व गुंतागुंत हे असावे. हरकत घेणाऱ्या पालकांना वाचण्यासाठी माझी प्रत मी गटाच्या कपाटात ठेवली आहे. पुढची बैठक सुट्टी लागण्यापूर्वी आहे आणि साधारण चारशे पानांचे ते पुस्तक तोवर सहज वाचून होईल.

आपला,
एक वाचक
दांडिया बाजार, वडोदरा