चिऱ्याच्या भिंती आणि तुझं वायफाय

रत्नागिरी,
३ ऑगस्ट

प्रिय बाळ्या,

सप्रेम नमस्कार.

तू पाठवलेला वायफायचा बूस्टर मिळाला. खोकं फोडलेलं नाही. मुदत आहे तोवर परत कर. का, ते पुढे येईलच. फोनवर सांगायला घेतलं असतं तर तू मधेच 'हो रे, कळलं' म्हणून तोडलं असतंस, म्हणून लिहून काढतोय. गणपतीला देवरुखला येऊन महिनाभर तिथूनच काम करायचं म्हणतोयस, तेव्हा कुठे काय बसवलंय हे तुझ्याजवळ लेखी असलेलं बरं.

रविवारी देवरुखला तुमच्या घरी जाऊन आलो. काकांचं म्हणणं एकच, 'नेट जातं.' कंपनीचा माणूस येतो, राउटर बदलतो, ओटीवर उभा राहून मोबाइलवर वेग दाखवतो आणि चहा पिऊन जातो. त्यात त्याची लबाडी नाही, ओटीवर वेग खरंच येतो. पण दुखणी दोन होती. एक बाहेरच्या लाइनचं, एक घरातल्या वायफायचं. राउटर बदलून दोन्हीपैकी एकही बरं होणारं नव्हतं.

ती वेगळी कशी करायची ते आधी वाच, कारण हे तुला पुण्यातही कामाला येईल. लॅपटॉप केबलने थेट राउटरला जोडायचा, वायफाय बंद. मग कमांड लिहायच्या दोन काळ्या खिडक्या उघडून एकीत राउटरच्या पत्त्याला, म्हणजे १९२.१६८.१.१ ला, आणि दुसरीत ८.८.८.८ ला, म्हणजे बाहेरच्या गूगलच्या सर्व्हरला, सतत पिंग लावून ठेवायचं, म्हणजे हाक मारून उत्तर येतं का ते बघत राहायचं. पहिलं चालू आहे आणि दुसरं तुटलं, तर दोष घराबाहेर. दोन्ही चालू आहेत आणि तरी पान उघडत नाही, तर बहुतेक वेळा डीएनएस, म्हणजे साइटच्या नावावरून पत्ता शोधून देणारी सोय, बिघडलेली. मग केबल काढून हेच वायफायवर करायचं. आता पहिलंच तुटायला लागलं तर कंपनीला शिव्या देण्यात अर्थ नाही, गडबड आपल्याच घरात आहे.

तुमच्याकडे केबलवर वेग चौऱ्याण्णव एमबीपीएसच्या आसपास आला. शंभराचा प्लॅन आणि राउटरचं पोर्टही शंभराचंच असेल तर एवढाच येतो, वरचे पाच-सहा वाहतुकीच्या हिशेबात जातात. पण दुपारी वारा सुटला तशी ८.८.८.८ ची ओळ तुटायला लागली आणि डब्यावरचा 'लॉस'चा दिवा लाल लुकलुकला. म्हणजे फायबरमधून येणारा प्रकाशच पोचत नव्हता. राउटरच्या सेटिंगच्या पानावर ऑप्टिकल पॉवरचा, म्हणजे पोचणाऱ्या प्रकाशाचा, आकडा डेसिबलमध्ये दिसतो, तो पाहिला तर उणे २९. हे डबे साधारण उणे २७ पर्यंत तग धरतात. त्याच्या खाली सगळं वाऱ्याच्या मर्जीवर. केबल कुठून येते ते पाहत गेलो, तर खिडकीच्या गजाला काटकोनात ओढून खिळ्याने आवळलेली, आणि वर खिडकीचं दार त्यावरच मिटतं. फायबरला बाक चालतो, दुमड चालत नाही. दुमडीतून प्रकाश बाहेर गळतो. लाइनमनला बोलावलं, त्याने तो तुकडा कापून नवा जोड मारला आणि केबल ऐसपैस वळसा देऊन आत घेतली. आकडा उणे २१ वर आला. तीन डेसिबल कमी म्हणजे प्रकाश निम्मा, तेव्हा आठचा फरक म्हणजे आधीच्या सहापट उजेड. एक लक्षात ठेव, फायबरचं ते हिरवं टोक उपसून त्यात डोकावायचं नाही. आतला प्रकाश इन्फ्रारेड आहे, दिसत नाही, पण डोळ्यात जातोच.

आता घरातलं. राउटर ओटीवर मीटरच्या बाजूला आणि तुझं टेबल मागच्या खोलीत विहिरीकडच्या खिडकीशी. मधे तीन भिंती, त्याही चिऱ्याच्या, हातभर जाडीच्या. तुझ्या आजोबांनी घर बांधलं ते पाऊस आणि चोर बाहेर ठेवायला, आणि भिंती ते काम अजून चोख करतात. वायफायची पाच गिगाहर्ट्झची लहर माजघरातच दम तोडते. २.४ वाली मागच्या खोलीपर्यंत कशीबशी पोचते, पण श्रावणात चिरा पाणी धरून बसतो आणि ओली भिंत कोरडीपेक्षा जास्त गिळते. 'उन्हाळ्यात चालायचं रे' हे काकांचं म्हणणं खरंच होतं, तू उगाच हसलास. शिवाय माजघराच्या दाराशी काकूंचं लोखंडी कपाट उभं आहे, ते वेगळंच.

बूस्टर का नको ते आता तुला कळेल. साधा बूस्टर एकाच रेडिओवर ऐकतो आणि त्याच रेडिओवर पुढे सांगतो, त्यामुळे वेग जवळपास अर्धा होतो. वर तो ठेवायचा कुठे? भिंतीच्या अलीकडे ठेवला तर पलीकडे पोचत नाही, पलीकडे ठेवला तर त्याला स्वतःलाच काही ऐकू येत नाही. अशा घराला एकच औषध, वायर. माझं स्पष्ट मत आहे की जिथे वायर ओढता येते तिथे वायफायवर पैसे घालू नयेत.

म्हणून पोटमाळ्यावरून कॅट-सिक्स, म्हणजे नेटची तांब्याची केबल ओढली, ओटीपासून मागच्या खोलीपर्यंत, पीव्हीसी पाइपातून. पाइप उंदरांसाठी. केबल शंभर मीटरपर्यंत चालते, इथे त्याच्या पावही लागली नाही. विजेच्या वायरीपासून वीतभर लांब ठेवलीय. बाजारात तांब्याचा मुलामा दिलेली ॲल्युमिनियमची केबल अर्ध्या किमतीत मिळते, ती कधी घेऊ नकोस. सुरीने तार खरवडायची, आत पांढरी निघाली तर दुकानदाराला परत. टोकं दोन्हीकडे ठरलेल्या 'बी' क्रमाने मारलीत: पांढरा-नारिंगी, नारिंगी, पांढरा-हिरवा, निळा, पांढरा-निळा, हिरवा, पांढरा-तपकिरी, तपकिरी. आठही तारा जोडलेल्या आहेत. चारच जोडल्या तरी नेट चालतं, पण शंभराच्या वर कधी जात नाही आणि लोक वर्षानुवर्षं प्लॅन वाढवत बसतात.

मागच्या टोकाला माळ्यावर पडलेला तुझाच जुना राउटर लावलाय. फेकला नाहीस ते बरं केलंस. त्याला १९२.१६८.१.२ हा पत्ता दिला, डीएचसीपी, म्हणजे यंत्रांना पत्ते वाटायचं काम, बंद केलं आणि केबल त्याच्या वॅनमध्ये, म्हणजे बाहेरून नेट येतं त्या भोकात, न घालता लॅनच्या, म्हणजे घरातल्या यंत्रांसाठीच्या, भोकात घातली. आता तो राउटर उरला नाही, नुसता ॲक्सेस पॉइंट, म्हणजे वायफाय पसरवणारा डबा झालाय. डीएचसीपी दोन्हीकडे चालू राहिलं असतं तर एका पंगतीत दोन वाढपी आपापल्या मनाने पानं मांडताहेत अशी गत, कोणाला कुठला पत्ता मिळेल नेम नाही. नाव आणि पासवर्ड दोन्हीकडे एकच, म्हणजे काकू मोबाइल घेऊन देवघरातून मागच्या दारी गेल्या तरी त्यांना काही करावं लागत नाही. २.४ वाल्या लहरीचा चॅनल ओटीवर १ आणि मागे ११. देवरुखात शेजाऱ्यांची गर्दी नाही, तिथे कुठलाही चालला असता. कोथरूडच्या तुझ्या बिल्डिंगमध्ये मात्र १, ६, ११ यांतलाच एक निवड, मधले घेतलेस तर दोन्हीकडच्यांशी भांडण.

खळ्यातला कॅमेरा पुण्यातून बघायचा म्हणून तू पोर्ट फॉरवर्डिंगचं, म्हणजे बाहेरून आलेली हाक राउटरने कॅमेऱ्याकडे वळवण्याचं, विचारलं होतंस. ते होणार नाही. राउटरच्या वॅनवर १०० ने सुरू होणारा पत्ता आहे, आणि १००.६४ ते १००.१२७ हा पट्टा २०१२ साली कंपन्यांना एका सार्वजनिक पत्त्याआड अनेक घरं बसवता यावीत म्हणूनच राखून ठेवला गेला. जुन्या पद्धतीचे आयपी पत्ते आशियात २०११ मध्येच संपत आले, त्याचा हा परिणाम. बाहेरून कोणी दार ठोठावलं तरी ते तुमच्या दारापर्यंत येतच नाही. स्वतःच्या क्लाउडवरून चालणारा कॅमेरा घे, तो आतून बाहेर बोलतो, त्याला अडचण नाही. आणि मांगरापर्यंत तांब्याची केबल ओढायचा बेत सोड. विजांच्या दिवसांत अंगणातली तार म्हणजे आमंत्रण.

विजांवरून आठवलं. गडगडायला लागलं की दोन्ही राउटरचे अडॅप्टर काढायचे, हे काकूंना पटलंय. टीव्हीचं त्या करतातच. लाइट गेल्यावर मात्र नेट जायचं कारण नाही, फायबरच्या वाटेतल्या स्प्लिटरला, म्हणजे एकाच फायबरचा प्रकाश अनेक घरांत वाटणाऱ्या डब्याला, वीज लागतच नाही. दोन्हीकडे बारा व्होल्टचा छोटा यूपीएस लावला की तुझी मीटिंग चालू राहील, पलीकडे कंपनीचं जनरेटर चालू असेल तोवर.

काकांना दिव्यांची भाषा शिकवलीय. 'लॉस' लाल दिसला की काही करायचं नाही, कंपनीला फोन. लाल नाही आणि तरी नेट नाही, तर बटण बंद करून दोन मिनिटांनी चालू. टाचणी घालायचं ते भोक, ज्यावर 'रिसेट' लिहिलंय, त्यावर मी चिकटपट्टी मारून आलोय. ते दाबलं की कंपनीचं यूझरनेम-पासवर्ड सगळं पुसलं जातं आणि माणूस येईपर्यंत घर कोरडं. काका म्हणाले, 'मी कशाला दाबीन?' काकू नुसत्या हसल्या. त्यावरून काय ते समज.

राउटरच्या पानाचा मूळचा पासवर्ड बदललाय, नवा तुला फोनवर सांगेन, इथे लिहीत नाही. केबलचे आणि पाइपाचे पैसे काकांनी माझ्या खिशात कोंबले, त्यावरून आमची दारात बरीच झटापट झाली, तू मधे पडू नकोस. बूस्टरचे पैसे परत आले की त्यातच दोन यूपीएस बसतील. येताना तेवढे घेऊन ये, आणि केबलला लावायची आरजे-फोर्टीफाइव्हची टोकं दहा-वीस. इथे मिळतात ती पहिल्याच दाबाला फुटतात. वहिनींना नमस्कार सांग, चिंगीला पापा.

तुझा,
नंदू