जर्मनीतला विमा आणि तिशीची अट

संपादक महोदय,

मी आखेनमध्ये राहते. ऑक्टोबरात हिवाळी सत्र सुरू होण्याआधी महाराष्ट्रातून आलेली मुले आरोग्य विम्याचे कागद घेऊन माझ्याकडे येतात. इथे विम्याशिवाय विद्यापीठात नोंदणी होत नाही. विद्यार्थ्यांसाठीचा सवलतीचा सार्वजनिक विमा साधारण तिशीपर्यंतच मिळतो. चार-पाच वर्षे नोकरी करून, पैसे साठवून एकतिसाव्या वर्षी आलेल्यांना हे कुणी सांगितलेलेच नसते.

त्याहून घातक गोष्ट वेगळीच. स्वस्त खासगी पॉलिसीसाठी एकदा सार्वजनिक विम्यातून सूट घेतली, की शिक्षण संपेपर्यंत ती मागे घेता येत नाही. सांगलीच्या एका मुलीच्या गळ्यात एजंटाने अशीच पॉलिसी मारली. आधीपासूनच्या आजाराचा खर्च मिळणार नाही, हे आत बारीक अक्षरांत होते. तिला लहानपणापासून दमा आहे. आता इनहेलरच्या पैशांसाठी ती शनिवार-रविवार हॉटेलात भांडी घासते. मला याचा फार संताप येतो.

परदेशी शिक्षणाच्या मेळाव्यांत व्हिसा आणि बँक खात्यावर तासभर बोलतात. पालकांनी तिथेच उभे राहून विचारावे: विमा सार्वजनिक की खासगी, आणि जुना आजार त्यात धरला आहे का? उत्तर लेखी घ्यावे.

– एक वाचक, आखेन (जर्मनी)