देखभालीला पगार हवाच

संपादक महोदय,

मुक्त सॉफ्टवेअरच्या (ज्याचा कोड कुणालाही पाहता-बदलता येतो अशा सॉफ्टवेअरच्या) संस्थांनी प्रोग्रॅमरांना पगार न देता स्वयंसेवेवरच भिस्त ठेवावी, हे आपल्या अंकातील लेखाचे मत पटले नाही. इंटरनेटवरील देवाणघेवाण सांकेतिक करून सुरक्षित ठेवणाऱ्या ओपनएसएसएल या मुक्त सॉफ्टवेअरमधील ‘हार्टब्लीड’ ही सुरक्षेची त्रुटी २०१४ मध्ये उघड झाली. त्याआधी ती सुमारे २ वर्षे तशीच होती. असंख्य संकेतस्थळांची सुरक्षा ज्यावर अवलंबून, त्या प्रकल्पाला देणग्या मिळत वर्षाकाठी जेमतेम २,००० डॉलर आणि पूर्णवेळ काम करणारा माणूस एकच! पुढे मुक्त सॉफ्टवेअरला पाठबळ देणाऱ्या लिनक्स फाउंडेशन या संस्थेच्या पुढाकाराने तेथे दोन पूर्णवेळ प्रोग्रॅमरांचा खर्च उचलला गेला. नव्या सुविधा लिहायला हौशी माणसे मिळतात. जुना कोड तपासत बसण्याचे किचकट काम पगाराविना वर्षानुवर्षे कोण करणार? परिषदा-प्रचाराचा खर्च आवरून संस्थांनी निदान एवढ्या कामाचे वेतन द्यावे.

– एक संगणक अभियंता, पुणे