बाबू, उपाशी राहू नकोस

देवगड
जूनचा पहिला आठवडा

चि. बाबूस,
अनेक उत्तम आशीर्वाद.

पुढे वाचण्याआधी आज दुपारी जेवलास की नाही ते आठव. जेवला नसलास तर पत्र बाजूला ठेव, मेसवर जा, पोटभर जेव आणि मग वाच. मला जे सांगायचंय त्यातलं निम्मं एवढ्यात आलं.

शिमग्याला आलास तेव्हा पडवीत बसून जे बोललास, ते तेव्हापासून माझ्या मनात घोळतंय. अभ्यासिका बंद झाली की खोलीवर येतोस, कॉटवर बसतोस, आणि मग फरसाण, क्रीमची बिस्किटं, जे असेल ते संपेपर्यंत हात थांबत नाही. भूक नसते, चव कळत नाही, पोट दुखायला लागतं तरी थांबता येत नाही. मग स्वतःची किळस येते आणि दुसरा दिवस शिक्षा म्हणून नुसत्या चहावर काढतोस. पूर्वपरीक्षेत थोड्या गुणांनी राहिलास तेव्हापासून हे वाढलंय, असंही म्हणालास. तुझ्या वयाची मुलं हे कुणाला सांगत नाहीत, आईला तर नाहीच. तू सांगितलंस, त्याचं मला फार मोल आहे.

'आई, माझा मनावर ताबाच नाही,' असं तू म्हणालास ते मात्र मी मानत नाही. पहाटे उठून अभ्यासिकेत जाऊन बसणारा, सणावाराला घर सोडून राहणारा मुलगा, त्याचा मनावर ताबा नाही असं कसं म्हणू? मला विचारशील तर खरी गडबड त्या दुसऱ्या दिवशीच्या उपासात आहे.

इकडे आगोटीची, म्हणजे पावसाळ्याच्या बेगमीची, कामं आटोपत आली. १ जूनपासून मासेमारी बंद, ती ३१ जुलैपर्यंत. होड्या वर ओढून झाकून ठेवल्या. माळ्यावर सुका बांगडा, सुकट, सोलं, आंबोशी, मातीत लोळवलेल्या आठळ्या, सगळं जागच्या जागी गेलं. आता बाजार भर पावसातही उघडा असतो, हे आजीला ठाऊक आहे. पण तिने ते दिवस पाहिलेत, व्हाळ भरला की गावाबाहेर पाऊल टाकता येत नसे. म्हणून मे महिना सरत आला की बरण्या भरल्याशिवाय तिला चैन पडत नाही. शरीर अगदी हेच करतं. तू दिवसभर चहावर राहिलास की त्याला वाटतं, पाऊस लागला, आता पुढे काही मिळायचं नाही. रात्री अन्न समोर आलं की ते आगोट भरायला बसतं, आणि भरताना मोजत नाही. तुझा निश्चय तिथे कमी पडतो कारण समोर शरीराची फार जुनी भीती उभी असते.

हे मी मनाने सांगत नाही. नोकरीच्या सुरुवातीला कुपोषणाच्या प्रशिक्षणात एका डॉक्टरबाईंनी आम्हा आरोग्यसेविकांना एक प्रयोग सांगितला होता. दुसरं महायुद्ध चालू होतं. युद्ध संपल्यावर उपासमारीतून उठलेल्या माणसांना कसं सावरायचं, हे शोधायचं होतं. अमेरिकेतल्या मिनेसोटा विद्यापीठात ॲन्सेल कीज नावाच्या शास्त्रज्ञाने १९४४ च्या अखेरीस काम सुरू केलं. स्वखुशीने आलेल्या ३६ धडधाकट तरुणांना सहा महिने अर्धपोटी ठेवलं. त्यांचं वजन सुमारे चौथ्या हिश्श्याने उतरलं, पण बाई आम्हाला सांगत होत्या ते त्यांच्या मनाचं. ज्यांनी कधी चूल पाहिली नव्हती ते स्वयंपाकाची पुस्तकं वाचत बसायचे, पाककृती उतरवून घ्यायचे. दिवसभर डोक्यात जेवणाशिवाय विचार नाही. आणि प्रयोग संपून हवं तेवढं मिळायला लागलं तरी काही जण पोट तडस लागेपर्यंत खायचे आणि भूक भागली नाही म्हणायचे. ती चांगली, निग्रही मुलं होती, बाबू. त्यांना कुणी अधाशी म्हटलं असतं तर तो अन्याय झाला असता. तू स्वतःला रोज रात्री तेच म्हणतोस.

त्यात तुझी झोप. काळजी लांबत गेली की शरीरात कॉर्टिसोल हे ताणाचं संप्रेरक वाढतं आणि अनेकांची भूकही त्याबरोबर वाढते. अपुऱ्या झोपेचा परिणाम तर मोजलेला आहे. २००४ साली शिकागोत १२ निरोगी तरुणांना दोन रात्री चारच तास झोपू दिलं, तर भूक चेतवणारं घ्रेलिन वाढलं, पोट भरल्याची खबर देणारं लेप्टिन घटलं, आणि खावंसं वाटू लागलं ते गोड, खारट, पिठाळ. तुझ्या खोलीत रात्री असतं तेच सगळं. परीक्षेच्या दिवसांत झोप वाढव म्हटलं तर तुला ते पटायचं नाही. तरी म्हणते, रात्रीचा शेवटचा तास अभ्यासातून काढ आणि झोपेला दे.

आता मनाच्या भुकेचं. ती नाहीच असं मी म्हणणार नाही. पोटाची भूक हळूहळू चढते आणि तिला पेजही चालते. मनाची वखवख एकदम येते आणि तिला अमुकच पाकीट लागतं. मनाला अन्नाने बरं वाटतं यात लाजण्यासारखं काही नाही. आपल्याकडे दुःखालाही जेवण आहे. घरात माणूस गेलं, चूल पेटली नाही, की शेजारून पिठलं-भात येतो. तेराव्याला गोड करतात. तात्या गेले तेव्हा पहिला घास तुझ्या बाबांच्या घशाखाली उतरत नव्हता. खालच्या वाडीतल्या काकी समोर बसून राहिल्या, तेव्हा ते जेवले. दुःखातलं जेवण कुणीतरी समोर बसून वाढायचं असतं. तू मात्र ते दिवा मालवून, एकटा, पाकिटातूनच खातोस. मला त्या खाण्यापेक्षा तुझ्या एकटेपणाची जास्त काळजी वाटते.

म्हणून रात्री तशी वेळ आली की आधी एवढंच बघ, दुपारपासून धड जेवलो होतो का? नसशील तर ती भूकच आहे. जेव. स्वतःला दोष देत बसू नकोस, जेवण शोध. अंडं-पाव मिळाला तर अंडं-पाव. आणि जेवूनही वखवख सुटली, तर आज काय झालं ते आठव. कुणाचा निकाल लागला, कुणी विचारलं 'सध्या काय करतोस', सराव परीक्षेत गुण पडले नाहीत, काहीतरी असतंच. मग खोलीबाहेर पड. पेठेत एक फेरी मार, मित्राला उठव, नाहीतर मला फोन लाव. कितीही वाजलेले असू देत. काय झालं ते सांगायची सक्ती नाही. 'आई, बोल काहीतरी' एवढंच म्हण, मी गावातलं काहीबाही सांगत बसेन. ही ओढ चढते तशी उतरतेही, बहुतेक वेळा पंधरा-वीस मिनिटांत तिचा जोर कमी होतो. नाहीच उतरली तर खा. पण दिवा लावून, ताटलीत काढून, बसून. आणि दुसऱ्या दिवशी सकाळी काहीही झालं तरी नाश्ता कर. माझं एवढं एकच ऐकणार असशील तर हे ऐक.

'आजपासून गोड बंद' असले संकल्प करू नकोस. बंद केलेल्या वस्तूचीच जास्त आठवण येते, हे तूच मला वेगळ्या शब्दांत सांगितलंस. म्हणून खाजं मी यावेळीही पाठवते आहे. ते दुपारी, खोलीतल्या मुलांबरोबर खा.

एक गोष्ट मात्र कडक शब्दांत सांगते. खाल्लेलं उलटून काढणं, जुलाबाच्या गोळ्या घेणं, असलं काही केलं असशील किंवा मनात येत असेल, तर लगेच डॉक्टरकडे जा आणि मला कळव. आणि उलटी नसली तरी, ताबा सुटून खाणं आठवड्यातून एकदा तरी आणि तीन महिने चालू राहिलं, तर डॉक्टर त्याला आजार मानतात. बिंज ईटिंग डिसऑर्डर म्हणतात. अमेरिकेतल्या मनोविकारतज्ज्ञांच्या संघटनेने २०१३ साली आपल्या आजारांच्या यादीत त्याला स्वतंत्र जागा दिली. त्यावर उपचार आहेत, समुपदेशकाशी बोलून होणाऱ्या उपचारांचा चांगला गुण येतो. तू शिमग्याला जे सांगितलंस त्यावरून मला वाटतं, तू एकदा दाखवून यावंस. ससूनमध्ये मनोविकार विभाग आहे. तिथे जायचा धीर होत नसेल तर आधी १४४१६ वर फोन कर. हा सरकारचा टेलिमानसचा नंबर, ऑक्टोबर २०२२ पासून चालू आहे, चोवीस तास, पैसे पडत नाहीत, मराठीत बोलता येतं. ताप आला तर तू गोळी घेतोसच ना.

गणपतीत चाकरमानी येतील. कुणीतरी तुझ्या पोटाकडे बघून बोलेल, या भीतीने तू यायचं टाळशील, हे मी ओळखलंय. आत्याला आणि काकांना मी आधीच बजावणार आहे, बाबूच्या अंगाबद्दल आणि परीक्षेबद्दल या घरात कुणी अवाक्षर काढायचं नाही. बाबांनाही ते पटलंय. आजीला मी काही सांगणार नाही. ती 'जेवलंस काय रे झिला?' एवढंच विचारते, आणि तिने ते विचारावं.

पुढचा प्रयत्न द्यायचा की नाही, ते तू ठरव. त्यावर वेगळं बोलू.

शेजारचा मुलगा बुधवारी पुण्याला निघतोय, त्याच्याबरोबर पिशवी देते. उकडे तांदूळ, कुळथाचं पीठ, सोलं, सुकटीची चटणी आणि खाजं. खोलीत इंडक्शन आहे म्हणालास. मूठभर तांदूळ रात्री भिजत घाल, सकाळी भरपूर पाण्यात शीत बोटाने चुरडेपर्यंत शिजव, मीठ टाक, पेज झाली. चटणी लावून खा आणि मग अभ्यासिकेत जा. रोज जमणार नाही, हे मला कळतं. म्हणून मेसवाल्या काकूंना सकाळच्या डब्याचं विचार. पोळी-भाजी असली तरी चालेल. जास्तीचे पैसे आम्ही पाठवू, त्याचा विचार करायचा नाही. काकू काय म्हणाल्या ते रविवारी फोनवर सांग.

तुझी,
आई