ताई, बाबांचं काम आम्हाला तुमच्यामुळे कळलं

ताई, सप्रेम नमस्कार.

खरं तर फोनच करणार होतो पण फोनवर मला हे नीट बोलता आलं नसतं, आणि एकट्याने तुमच्या कानात थँक्यू म्हणून विषय संपवावा असंही वाटेना. कॉलेजच्या गेलेल्या माजी विद्यार्थ्यांवर तुम्ही जे लिहिताय, एकेकाचं आयुष्य, नोकरी, केलेलं काम शोधून शोधून, ते किती घरांपर्यंत पोचतंय हे लोकांना कळायला हवं. म्हणून सगळ्यांसमोर लिहितोय.

बाबा गेले तेव्हा बॅचच्या ग्रुपवर श्रद्धांजलीचे खूप मेसेज आले. सगळ्यांनी मनापासून लिहिलं होतं, त्याबद्दल काहीच म्हणणं नाही. मनमिळाऊ, कर्तव्यदक्ष, हसतमुख, शांत स्वभावाचे. पण ते वाचून बाबा डोळ्यासमोर येईनात, कारण हेच शब्द कुणाहीबद्दल लिहिता येतात. मग काही आठवड्यांनी तुमचा फोन आला आणि तुम्ही पहिलाच प्रश्न विचारलात, "ते रोज नेमकं काय काम करायचे?" मी म्हटलं सिव्हिल इंजिनियर होते, सरकारी खात्यात, क्वालिटी कंट्रोलला, तिथूनच रिटायर झाले. एवढं बोलून माझ्याकडे सांगायला पुढे काही नव्हतंच हो. बाबांची नोकरी आम्हाला माहीत होती, काम माहीत नव्हतं.

दुसरं कुणी असतं तर तेवढ्यावर चार ओळी लिहून मोकळं झालं असतं. तुम्ही आईकडून त्यांची जुनी फोनची डायरी मागवलीत, त्यातले बरेचसे लँडलाइन नंबर कधीच बंद झालेले, तरी एकातून दुसरा असं करत बाबांच्या हाताखाली काम केलेल्या लॅबमधल्या काकांपर्यंत पोचलात. त्या काकांनी तुम्हाला जे सांगितलं ते आम्ही जन्मात ऐकलं नसतं.

ज्यांना माहीत नाही त्यांच्यासाठी सांगतो. साइटवर काँक्रीट ओतताना त्यातलंच थोडं घेऊन 15 सेंटिमीटरचे चौकोनी ठोकळे भरतात, त्यांना क्यूब म्हणतात. दुसऱ्या दिवशी साच्यातून काढून पाण्यात ठेवायचे, काही 7 दिवसांनी आणि बाकीचे 28 दिवसांनी मशीनमध्ये दाबून फोडायचे, आणि किती लोडला फुटला ते रजिस्टरमध्ये लिहायचं. पुलाचं काँक्रीट कागदावर लिहिलंय तितकं पक्कं झालंय की नाही याचा हिशोब त्यावर असतो. आता यात खोट करायची तर सोपी आहे, क्यूबपुरतं वेगळं, जास्त सिमेंटचं मिक्स करायचं. म्हणून बाबा क्यूब भरताना स्वतः साइटवर उभे राहायचे आणि ओल्या काँक्रीटवर खिळ्याने तारीख आणि आपली सही कोरायचे, नंतर क्यूब बदलला जाऊ नये म्हणून. आणि फोडून झाल्यावर नुसता आकडा बघून थांबायचे नाहीत, फुटलेला तुकडा हातात घेऊन उजेडाकडे धरून बघायचे की खडी तुटलीय की सिमेंटपासून नुसती सुटून आलीय. काका म्हणाले तसं तुम्ही ते वाक्य तसंच ठेवलंत, "साहेब तुकडा बघितल्याशिवाय सही करायचे नाहीत."

ताई, हे वाचताना आईला एकदम आठवलं की बाबा कॅलेंडरवर पेनाने गोल करायचे. महिन्यातून किती तरी गोल, कुठे कुठे बाजूला बारीक अक्षरात काहीतरी लिहिलेलं. आम्ही मुलं समजायचो कसले तरी हप्ते असतील. ते 28 दिवस होते! म्हणजे इतकी वर्षं बाबांचं काम आमच्या स्वयंपाकघराच्या भिंतीवर टांगलेलं होतं आणि आम्ही त्याच कॅलेंडरवर परीक्षा आणि सुट्ट्या बघत होतो.

तुमचं बाकीचं लिखाण मी तेव्हापासून मागे जाऊन सगळं वाचून काढलं. मोठ्या पदावर गेलेल्यांबद्दल लिहिणं त्यामानाने सोपं, त्यांचं कुठे ना कुठे छापून आलेलं असतंच. पण दुसऱ्या वर्षाला शिक्षण सुटलेल्या त्या मुलाचं तुम्ही घेतलंत, डिग्री नाही म्हणून तो कॉलेजचा नाही असं मानलं नाहीत. पास होऊन दोनच वर्षांत गेलेल्या मुलीबद्दल लिहिताना "आज असती तर कुठे पोचली असती" वगैरे काही नाही, तिचा प्रोजेक्ट कशावर होता आणि ती तो कुणाकुणाला समजावून सांगायची एवढंच, आणि ते पुरेसं आहे. निधनाची ओळ शेवटी, आजाराचा उल्लेख घरच्यांना विचारल्याशिवाय नाही. बायकांची दोन्ही नावं, लग्नाआधीचं आणि नंतरचं. हे मला आधी सुचलंच नसतं, पण रजिस्टरला एक नाव आणि गेल्याची बातमी येते दुसऱ्या नावाने, मग वर्गातल्या मैत्रिणींनाही पत्ता लागत नाही की आपली बेंचवरची मैत्रीण गेली.

नाव हरवलं की माणूस कसा हरवतो यावर तुम्ही फोनवर बोलता बोलता आनंदीबाई जोशींच्या त्या फोटोचं सांगितलं होतंत, मी नंतर शोधून बघितला. 1885 चा, पेनसिल्व्हेनियाच्या विमेन्स मेडिकल कॉलेजमधला, आनंदीबाई, जपानच्या केई ओकामी आणि सीरियाच्या साबात इस्लामबूली, तिघी आपापल्या देशाच्या पोशाखात. आनंदीबाई 1886 ला डॉक्टर झाल्या आणि 1887 च्या फेब्रुवारीत गेल्या, बावीसही पूर्ण नव्हती. अमेरिकेत त्या ज्यांच्या घरी राहिल्या होत्या त्या कार्पेंटरबाईंकडे त्यांची रक्षा पाठवली गेली, न्यूयॉर्क राज्यातल्या पकिप्सीला त्या कुटुंबाच्या दफनभूमीत त्यांच्या नावाचा दगड आहे. ओकामी 1889 ला डॉक्टर होऊन टोकियोला परतल्या, त्यांच्या कामाचीही माहिती मिळते. आणि साबात? 1890 ला डॉक्टर झाल्या, नावाचं स्पेलिंग जागोजागी वेगळं, 1919 च्या माजी विद्यार्थिनींच्या यादीत कैरो असं लिहिलंय आणि पुढे कॉलेजचा त्यांच्याशी संपर्कच तुटला. एकाच फोटोत शेजारी शेजारी बसलेल्या बायका आणि एकीबद्दल इतकं थोडं हाती लागावं, याचं मला फार वाईट वाटलं. तेव्हा कुणीतरी पत्र लिहून विचारायला हवं होतं की ताई तिकडे काय करता, कोणते पेशंट बघता. तुम्ही तेच विचारताय, आणि सांगणारे लोक आहेत तोपर्यंत विचारताय.

मग मीही थोडं वाचलं. गणितात ज्यांच्या नावाने वर्तुळं काढतो ते जॉन व्हेन, त्यांनी आणि त्यांच्या मुलाने मिळून केंब्रिजच्या अगदी सुरुवातीपासून 1900 पर्यंतच्या विद्यार्थ्यांची चरित्रसूची केली, दहा खंड. पहिला 1922 ला आला, वडील 1923 ला गेले, आणि मुलगा करत राहिला ते शेवटचा खंड 1954 ला आला. तुम्ही हे एकटीने करताय, नोकरी सांभाळून, संध्याकाळी लोकांना फोन लावून, काही जण तर कोण बोलतंय म्हणून फोन ठेवून देत असतील. तेव्हा नुसतं आभार मानून मला बरं वाटणार नाही.

आईने सांगितलंय की तुम्ही लिहिलेल्याची प्रिंट काढून लॅबमधल्या काकांना नेऊन दे, ती दिली. काका वाचून बराच वेळ बोलत होते आणि त्यांनी एक दुरुस्ती सांगितलीय, बाबा लॅबला आले त्याआधी काही वर्षं ते डिझाइनला होते, ते तुमच्या लेखात नाही, तेवढं घालाल का? आणि त्यांच्याकडून बाबांच्याच बॅचच्या आणखी तिघांची नावं मिळालीत जे गेलेत आणि तुमच्या यादीत नाहीत. दोघांच्या घरचे नंबर लागले, मी बोललोय, तुमचे प्रश्न तसेच्या तसे विचारले, आधी कामाचं. एकाची मुलगी म्हणाली मला काहीच माहीत नाही हो, आणि मग पाऊण तास बोलत होती. तिसऱ्यांचं अजून शोधतोय. सगळं टाइप करून रविवारपर्यंत पाठवतो, आणि पुढच्या बॅचचे फोन माझ्याकडे द्या, मी लावतो.

तुमचा,
क्यूबवाल्या साहेबांचा मुलगा